पुलाअलीकडची पेटी

१

पेटी उघडली, आणि आत होबर्टमामाचं रिव्हॉल्वर नव्हतं.

लाल रुमाल होता. तो मामाचाच, धुऊन धुऊन विटलेला. रुमालात जडसं काहीतरी गुंडाळलेलंही होतं. एस्टिलकाकांनी त्याच्या गाठी सावकाश सोडल्या आणि आतून निघाला मक्याचे पाव भाजायचा बिडाचा साचा. कणसाच्या आकाराचे सात खळगे, काळाभोर आणि तुकतुकीत.

गाडीच्या मागच्या दाराशी चौघंही वाकून उभी होती. शनिवारची सकाळ होती, आणि गाडी पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी एका खाणावळीच्या आवारात लावलेली. समोर डेलावेअर नदी, नदीवर पूल, आणि पुलाच्या त्या टोकापासून न्यू जर्सी राज्य सुरू. नाश्ता करून पूल ओलांडायचा, एवढंच उरलं होतं. त्याआधी पेटीत सगळं रीतसर आहे ना ते एकदा बघून घेऊ, असं एस्टिलकाका म्हणाले होते.

"हा तर माझाच साचा!" वर्नामामी म्हणाली. "हे बघा, तिसऱ्या कणसाचा टवका उडालाय. माझ्या ओव्हनमधून हा इथे कसा आला?"

"वर्ना, तू दोन दिवस एक भांडं कुलपात घालून फिरवते आहेस," एस्टिलकाका म्हणाले.

मॉरीनला हसू फुटणार होतं, तेवढ्यात तिची आई निओमा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मग ते कुठंय?"

हसू घशातच राहिलं. कारण प्रश्न खरा होता. काडतुसांचा डबा वेगळा होता आणि त्यात सहाच्या सहा काडतुसं जागच्या जागी होती. म्हणजे रिव्हॉल्वर रिकामं होतं. पण होतं कुठे?

मामीच्या घरोब्यातल्या एस्टिल रॅटलिफ यांनी व्हर्जिनियातल्या आपल्या डोंगरी गावी शेरीफच्या पोलीस कचेरीत उभी हयात घालवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पँटचा पट्टा अजून उगाच वर ओढायची सवय गेली नव्हती. आताही त्यांनी तो ओढला.

"ते एकतर या गाडीत सुटं पडलंय, नाहीतर गाडीत नाहीच," ते म्हणाले. "कुलपात असतं तर निदान बोलायला तोंड होतं. सुटं सापडलं तर पुलापलीकडे कोणी ऐकून घेणार नाही. दोन्हीपैकी काय ते कळल्याशिवाय ही गाडी पुलावर जाणार नाही."

मॉरीनने गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली. गाडी तिच्या नावावर होती आणि चालवत होती तीच. रुग्णांच्या चादरी बदलता बदलता रात्रीचा दिवस करून ती शिकली होती, आणि चाळिशी उलटल्यावर, याच वसंतात, तिच्या हातात नर्सचा परवाना पडला होता. त्याच्यावरची शाई अजून वाळली नव्हती म्हणा ना.

२

हे सगळं गुरुवारच्या जेवणातून उपजलं.

वर्नामामीची मुलगी लनेट न्यू जर्सीत राहायची. तिला मुलगी झाली होती. नाव जून. रविवारी तिचा बाप्तिस्मा होता आणि आजीने अजून नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. कारण एकच. होबर्टमामा गेल्यापासून वर्नामामी त्यांचं रिव्हॉल्वर उशाशी असल्याशिवाय झोपत नसे आणि पर्समध्ये असल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकत नसे. तिच्याकडे व्हर्जिनियाचा परवाना होता, पण तो न्यू जर्सीत चालत नाही. वर लनेटने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आई, बाळ असलेल्या घरात ते नको." वर्नामामी म्हणाली होती, "बघू."

त्या संध्याकाळी मामीच्या स्वयंपाकघरात पाच माणसं जेवायला होती. घेवड्याच्या शेंगा, कणसाच्या आकाराचे मक्याचे पाव, सफरचंदाची गोड पाई. जेवणं होत आली तोवर मामी सगळ्यांना वाढत होती. मग तिने प्रत्येकाकडे बघत विचारलं, "नेऊ की ठेवू?"

आता आमच्या डोंगरात एक खोड आहे. वडीलधाऱ्या विधवेला तोंडावर 'नको' म्हणणं म्हणजे तिच्या अंगणात थुंकणं. मनात काहीही असो, तोंडाने 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणायचं आणि जेवणाची तारीफ करून घरी जायचं.

एस्टिलकाका म्हणाले, "रिकामं करून, पेटीत कुलूप लावून, मागच्या भागात ठेवून नेता येतं असं म्हणतात. पण म्हणणारे लोक पकडल्यावर सोबत येत नाहीत. तरी तुला योग्य वाटेल ते कर."

मामीचा धाकटा भाऊ वेंडल, शाळेतला फुटबॉलचा जुना प्रशिक्षक, तोंडात पाव असताना म्हणाला, "ताई, तुझं तू बघ." तो सोबत येणार नव्हता. मामीच्या कोंबड्या सांभाळायला तिच्याच घरी राहणार होता.

मॉरीन म्हणाली, "मामी, तुम्हाला योग्य वाटेल ते." म्हणताना तिला स्वतःचीच चीड आली.

आणि निओमा? ती होबर्टमामाची सख्खी बहीण. मामी तिच्याकडे वळून म्हणाली, "निओमा, होबर्ट असता तर काय म्हणाला असता?" निओमाने मान ताठ केली. "वहिनी, माझा भाऊ म्हणाला असता, घेऊन जा. बाईमाणूस एवढ्या लांब निघालंय. मीही तेच म्हणते."

झालं. मामीने सगळ्यांसमोर रिव्हॉल्वर रिकामं केलं, लाल रुमालात गुंडाळलं, पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली सवयीने दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. निओमाने भांडी घासली, मॉरीनने पुसली, आणि उरलेले पाव निओमाने फडक्यात गुंडाळून गार ओव्हनमध्ये ठेवले. उरलंसुरलं ओव्हनमध्ये, बिडाची भांडीही ओव्हनमध्ये. त्या घराची हीच रीत.

सकाळी उजाडता उजाडता मॉरीन सामान न्यायला आली तेव्हा निओमा वाटेसाठी सॉसेज-पाव भाजत होती आणि वेंडल ओट्याला टेकून ताकाच्या ग्लासात मक्याचा पाव कुस्करून चमच्याने खात होता. मग त्याने सामान गाडीत भरलं. बॅगा, ती पेटी, आणि मामीने शिवलेल्या गोधड्यांनी भरलेली देवदाराची मोठी संदूक. होबर्टमामाने जाण्याआधी आपल्या होणाऱ्या नातवंडासाठी ती स्वतःच्या हातांनी बनवली होती. झाकण पडलं की कुलूप आपोआप लागायचं. एकुलती एक किल्ली मामीने मागच्याच आठवड्यात लनेटला टपालाने पाठवली होती, हरवू नये म्हणून. रात्रभर संदूक उघडी होती. सकाळी वेंडलने गोधड्या नीट दाबून झाकण लावलं.

निघताना त्याने गळ्यातली पितळी शिट्टी काढून बहिणीच्या गळ्यात घातली. "ताई, घे. परमुलूख आहे. कोणी त्रास दिला तर वाजव जोरात. माझी पोरं अख्ख्या मैदानावरून ऐकायची."

"मी काय मैदानात उतरणारे का, वेड्या?" मामी म्हणाली खरी, पण शिट्टी काढली नाही.

शुक्रवारचा मुक्काम एका मोटेलात झाला. मामीने पेटी स्वतः आत नेली, पलंगाखाली ठेवली आणि पाय लावून खात्री करून घेतली. वाटेत जिथे जिथे गाडी थांबली तिथे निओमा वहिनीची पर्स धरायला पुढे व्हायची. "द्या इकडे, तुम्ही जाऊन या निवांत." नणंदेची एवढी माया पाहून मामी दोनदा म्हणाली होती, "हिला झालंय तरी काय?"

३

शोध सुरू झाला.

आवारात माणसं होती, त्यामुळे चौघांनी प्रवासातल्या सामानाची आवराआवर चालल्याचं सोंग घेतलं. बॅगा उपसल्या, कपडे झटकले. आसनांखालून हात फिरवला, तिथे मॉरीनला हरवलेलं कानातलं आणि एक दगड झालेला बटाट्याचा काप सापडला. पर्स उलटी केली: पेपरमिंटच्या गोळ्या, लनेटचा फोटो, रुमाल, परवाना. रिव्हॉल्वर नाही.

"वर्ना, खरं सांग," एस्टिलकाका म्हणाले. त्यांनी शीतपेयाच्या बाटलीत खारे शेंगदाणे टाकले होते आणि बाटली हलवत ते बोनेटला टेकले होते. चौकशी करायची त्यांची हीच जुनी पद्धत. "तूच तर नाही ना घरी ठेवलंस?"

"मी? आणि पेटीत भांडं कशाला घालू? मला काय भूल पडली? एस्टिल, ते पलंगाखाली आहे म्हणून तर मी त्या मोटेलात डोळे मिटले."

"पेटी तुझ्या नजरेआड कधी होती?"

"गुरुवारी रात्री माझ्या झोपायच्या खोलीच्या दारापाशी होती. किल्ली खिळ्यावर. तेव्हापासून माझ्याजवळ."

"म्हणजे जे झालं ते घरातच, त्या रात्री. घरात झोपलं कोण?"

"मी, निओमा आणि वेंडल. मॉरीन आपल्या घरी गेली होती. तुम्ही तुमच्या."

काकांनी साचा उचलून नाकाशी धरला, मग बोट फिरवलं. बोटाला चरबीचा पातळ थर लागला. "आणि मॉरीन, हे भांडं कोणी पुसलं?"

"मी कोरडं केलं. चरबी नव्हती लावली, कपाटात डबा सापडला नाही." मॉरीन चिडली. "काका, भांड्याचं काय घेऊन बसलात? ते संदुकीत असलं तर? रात्रभर उघडी होती ती. कोणीही गोधडीच्या घडीत सारलं असेल!"

सगळे संदुकीकडे बघायला लागले. गाडीत आता न तपासलेली तेवढी एकच वस्तू उरली होती.

"किल्ली लनेटकडे आहे," मामी पुटपुटली.

"आणि लनेट पुलापलीकडे!" मॉरीनने टायर बदलायची लोखंडी पहार काढली. "मामी, मला माफ करा. मी फोडणार आहे."

"मॉरीन, नको ग! होबर्टने पडलेल्या तब्येतीत केलीय ती. बिजागऱ्या बसवताना हात थरथरत होते त्याचे." मामीने संदुकीवर दोन्ही हात पसरले. "त्यापेक्षा गाडी वळव. मला परत घरी सोड. मला नाही बघायचं बाळ."

हे ऐकून मॉरीनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पहार खाली गेली नाही. नातीसाठी झुरणारी मामी तिला दिसत होती. पण बेड्या, कोर्ट आणि भिंतीवरून उतरवलेला परवानाही दिसत होता. तिने पहारीचं टोक झाकणाच्या फटीत घातलं.

"काही मदत हवी का, मंडळी?" मागून आवाज आला.

हातात कॉफीचा पेला घेऊन एक पोलीस शिपाई उभा होता.

४

मॉरीन जागच्या जागी थिजली. मामीने दचकून गळ्यातली शिट्टी मुठीत धरली.

एस्टिलकाकांनी पट्टा वर ओढला. "मदत देवाने करायची, पोरा. माझी मंडळी व्हर्जिनियाहून संदूक घेऊन आली आणि किल्ली आधीच टपालाने पुढे पाठवली. तू असतास तर काय केलं असतंस?"

शिपायाने संदुकीकडे, पहारीकडे आणि रडवेल्या मामीकडे आळीपाळीने पाहिलं. "मी माझ्या आजीच्या संदुकीला पहार लावली नसती, साहेब. तिने मलाच आत कोंडलं असतं." तो हसला, कॉफीचा घोट घेतला आणि आपल्या गाडीकडे गेला.

चौघांनी एकदमच श्वास सोडला. मग काका मॉरीनला म्हणाले, "पहार खाली ठेव. ती लागणार नाही. निओमा, इकडे बसा जरा."

निओमा गाडीच्या पायरीवर बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पेटी उघडली तेव्हा वर्ना भांड्याकडे बघत होती," काका म्हणाले. "मी भांड्याकडे बघत होतो. मॉरीनला तर हसूच येत होतं. रिव्हॉल्वरच्या जागी कणसाचा साचा निघाल्यावर कोणीही आधी साच्याकडेच बघेल. तुम्ही एकट्यांनी बघितलं नाही. तुम्ही थेट विचारलंत, 'मग ते कुठंय?' साचा तिथे असणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

"एस्टिल, काहीतरीच काय!" मामी म्हणाली. "तीच तर म्हणाली होती, घेऊन जा म्हणून."

"थांब वर्ना. बिडाचं भांडं रात्री मॉरीनने कोरडं केलं, पण चरबी लावली नाही. आता त्याला चरबी आहे. ज्याने लपवाछपवी केली त्याने एवढ्या घाईतही भांडं गंजू नये म्हणून हात फिरवला. हे काम वेंडलचं नव्हे. त्याने एकदा तुझा तवा साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घातला होता आणि तू त्याच्याशी ईस्टरपर्यंत बोलली नव्हतीस. शिवाय शुक्रवारी सकाळी त्या ओव्हनमध्ये पाव कोणी भाजले? ओव्हन तापवायच्या आधी आतली सगळी भांडी बाहेर काढावी लागतात. तुझा साचा वर्षानुवर्षं तिथेच असतो. तो नाही हे निओमांना दिसलं असणार. तरी त्या 'साचा कुठे गेला' असं बोलल्या नाहीत."

मग निओमाचा बांध फुटला.

"मीच काढलं, वहिनी. मीच. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, होबर्ट काय म्हणाला असता? मी त्याची बहीण. 'ठेव' म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, भाऊ गेला आणि हिला वहिनीची पर्वा उरली नाही. म्हणून छाती काढून बोलले. पण अंथरुणावर पडले आणि डोळ्यांपुढे हीच दिसायला लागली." तिने मॉरीनकडे बोट केलं. "माझी पोर म्हाताऱ्यांचं गू-मूत काढत शिकली. एका पुलापायी तिचं सगळं जाऊ द्यायचं? उठले, पेटी उघडली. वजन सारखं वाटावं म्हणून साचा घातला. तेवढाच हाताला लागला."

"आई!" मॉरीन एवढंच म्हणू शकली. आपल्या बाजूने या घरात कोणी नाही, असं दोन दिवस मनात धरून ती गाडी चालवत होती, आणि इथे तिची आई तिच्यासाठी सख्ख्या वहिनीच्या घरात चोर झाली होती.

"मग आता ते कुठे आहे, सांगून टाक," मामी म्हणाली. आवाजात राग होता, पण फार नव्हता.

निओमाने पदराशी खेळावं तशी स्वेटरची कड पिळली. "तेच तर माहीत नाही! साचा होता त्याच जागी, ओव्हनमध्ये, फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. पहाटे दुसरीकडे हलवीन म्हटलं. पहाटे ओव्हन उघडला तर फडकं घडी घालून ठेवलेलं आणि आत काही नाही. मला वाटलं, वहिनींना सापडलं. त्यांनी पर्समध्ये टाकलं. म्हणून तर मी कालपासून पर्स चाचपतेय!"

मॉरीनने पुन्हा पहारीकडे बघितलं.

५

"पहारीला हात लावायचा नाही," काका म्हणाले. शेवटचा शेंगदाणा त्यांनी बाटलीच्या बुडातून ठोकून काढला. "ओव्हन आणखी कोणी उघडला? पाव भाजायला निओमांनी. त्याआधी? मॉरीन, तू आलीस तेव्हा वेंडलच्या हातात काय होतं?"

"ताकाचा ग्लास. त्यात मक्याचा पाव."

"आणि मक्याचे पाव रात्री कुठे ठेवले होते?"

मॉरीनने कपाळावर हात मारला. "ओव्हनमध्ये. फडक्यात गुंडाळून."

"दोन फडकी होती. एकात पाव, दुसऱ्यात होबर्टचं रिव्हॉल्वर. वेंडलसारखा खादाड माणूस एक फडकं सोडून थांबेल? आता तो ते बघतो. त्याला काय वाटेल? निओमांनी चोरलं असं वाटेल? निओमा तर आदल्या रात्री 'घेऊन जा' म्हणून गर्जल्या होत्या. त्याला वाटणार, ताईनेच विचार बदलला आणि आम्हा सगळ्यांसमोर कबूल करायला लाज वाटली म्हणून इथे सारलं. आणि आपल्याकडे अशा वेळी काय करतात?"

"काही बोलत नाहीत," मॉरीन म्हणाली.

"काही बोलत नाहीत. गुपचूप आवरून ठेवतात."

"पण आवरलं कुठे?" निओमा कळवळून म्हणाली. "संदूक त्यानेच बंद केली! गोधड्या त्यानेच दाबल्या!"

काकांनी वर्नामामीच्या गळ्याकडे बोट केलं. "ती शिट्टी बघा."

मामीने मूठ उघडली. पितळी शिट्टी घामाने ओली झाली होती.

"वेंडलने ती शिट्टी चाळीस वर्षं कोणाला हात लावू दिली नाही. निघताना स्वतःहून वर्नाच्या गळ्यात घातली आणि म्हणाला, कोणी त्रास दिला तर वाजव. आता मला सांगा, जिच्या सामानात रिव्हॉल्वर आहे अशा बाईला कोणी शिट्टी देतं का? शिट्टी कोणाला देतात? जिच्याजवळ दुसरं काही नाही तिला. त्याने संदुकीत घातलं असतं तर शिट्टी दिली नसती. वर्ना निःशस्त्र निघालीय हे त्या घरात फक्त वेंडलला पक्कं ठाऊक होतं, कारण रिव्हॉल्वर घरी ठेवणारा तोच होता."

मॉरीनला ते पटलं. अगदी पटलं. तरी ती म्हणाली, "काका, तुमचं डोकं सोन्याचं आहे. पण माझा परवाना नुसत्या शिट्टीवर टांगू नका. मला वेंडलच्या तोंडून ऐकायचंय."

फोन लावला. वेंडलने उचलला नाही. परत लावला, तरी नाही. चौघं खाणावळीत जाऊन बसली. अंडी मागवली, ती ताटात गार झाली. मॉरीनने फोन मिठाच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि त्याच्याकडे टक लावून बसली. निओमा डोळे मिटून ओठ हलवत होती.

फोन वाजला.

"काय रे, कुठे होतास?" मॉरीन ओरडली.

"ओढ्यावर मासे धरायला. काय झालं? पोहोचलात का? ताई बरी आहे ना?"

"वेंडलमामा, रिव्हॉल्वर कुठंय?"

पलीकडून दबका आवाज आला, "ताई ऐकतेय का? तिला सांगू नको हं मी बघितलं म्हणून. ती बिचारी ओव्हनमध्ये लपवून विसरली होती. तुम्ही निघालात आणि मी आपलं जिथल्या तिथे ठेवलं. तिच्या पलंगाशेजारच्या खणात. आत्ता सकाळीही आहे तिथेच, मी उघडून बघितलं. पण मॉरीन, ओव्हनमध्ये कोणी ठेवतं का ग? तिला डॉक्टरला दाखवा."

मॉरीनने फोन टेबलावर पालथा घातला आणि तोंड ओंजळीत घेतलं. दोन दिवसांची धास्ती एकदम उतरली. ती हसत होती, रडत होती, दोन्ही करत होती. निओमाने तिला पोटाशी धरलं तेव्हा तिने आईचा हात घट्ट पकडला आणि बराच वेळ सोडला नाही. एस्टिलकाकांनी तेवढ्यात तिघींच्या ताटांतली गार अंडी संपवली.

वर्नामामी मात्र विचारात बुडाली होती.

"निओमा," ती शेवटी म्हणाली. "मी त्या मोटेलात झोपले होते."

"मग? घोरतही होतात."

"तेच म्हणते. होबर्ट गेल्यापासून मला झोप लागली ती त्या रिव्हॉल्वरच्या भरवशावर, असं मी समजत होते. आणि मला रात्रभर राखलं ते मक्याच्या पावाच्या साच्याने." तिने शिट्टी पोलक्याच्या आत सरकवली. "चला. माझी नात वाट बघतेय."

गाडी पुलावर आली. खाली डेलावेअर नदी उन्हात चमकत होती. ऐन मध्यावर, जिथे राज्याची हद्द ओलांडल्याची पाटी आहे, तिथे मागच्या आसनावरून कान फाडणारी शिट्टी वाजली. मॉरीनच्या हातून गाडी जवळजवळ कठड्याला लागली.

"मामी!"

"बघत होते, वाजते का," मामी म्हणाली.

लनेट बाळाला खांद्यावर घेऊन दारातच उभी होती. तिने आईला मिठी मारायला एक हात पुढे केला, आणि तिची नजर आईच्या काखेतल्या पेटीवर गेली. हात मागे आला.

"आई, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस," वर्नामामी म्हणाली. "उघडून बघ."

लनेटने बाळाला घट्ट धरून एका हाताने झाकण उचललं. लाल रुमाल तिने लगेच ओळखला. रुमालाचं टोक बाजूला केलं, तर आत सात कणसं होती, आणि तिसऱ्या कणसाचा टवका तिनेच लहानपणी साचा पाडून उडवलेला होता.

तिने बाळ आईच्या हातात दिलं.